निर्जंतुक पाणी आणि जीवाणूंचे बीजाणू

‘निर्जंतुक’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. रोगकारक जंतू नष्ट केलेले पाणी निर्जंतुक म्हणवते, आणि ज्यात एकही सजीव उरलेला नाही असे पाणीही निर्जंतुकच. शास्त्रदृष्ट्या या दोन अवस्थांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारच्या पाण्यात जीवाणूंचे बीजाणू जिवंत असू शकतात.

‘बीजाणू’ ही संज्ञाही काहीशी फसवी आहे. बुरशीचे बीजाणू वंशविस्तारासाठी असतात. जीवाणूच्या एका पेशीतून मात्र सामान्यतः एकच बीजाणू निर्माण होतो. प्रतिकूल काळ निभावण्याची ती सुप्तावस्था होय. १८७६ साली फर्डिनांड कोन यांनी ‘बॅसिलस सब्टिलिस’ या जीवाणूचे, तर रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जीवाणूचे बीजाणू वर्णिले. असे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात.

जंबुपार किरणांनाही ते सहजासहजी दाद देत नाहीत. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण डीएनएवर आघात करतात. परंतु बीजाणूच्या डीएनएभोवती विशिष्ट लहान प्रथिनांचे वेष्टन असते. त्यामुळे होणारी इजा निराळ्या स्वरूपाची ठरते आणि अंकुरणाच्या वेळी एक खास एंझाइम ती दुरुस्त करते. ऑस्ट्रिया व जर्मनीत जंबुपार संयंत्रांची कसोटी सब्टिलिसच्या बीजाणूंवर घेण्याची पद्धत पडली, ती या चिवटपणामुळेच. तेथे किमान मात्रा दर चौरस मीटरला ४०० ज्यूल धरली जाते.

क्लोरीन आणि ओझोन या ऑक्सिडीकारकांचा मार्ग वेगळा आहे. त्यांचा मुख्य घाव डीएनएवर न होता बीजाणूच्या अंतःपटलावर होतो. दोन उपायांची मर्मस्थाने भिन्न असल्याने त्यांच्या संयोगाला अर्थ आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडवर जंबुपार किरण पडले असता त्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात. ही मूलके अत्यंत क्रियाशील, पण क्षणजीवी असतात. पाण्यातील सेंद्रिय द्रव्येच त्यांतील बरीचशी गिळून टाकतात. गढूळ पाण्यात किरणही अडतात. म्हणून गाळण आधी आणि किरण नंतर, हा क्रम आवश्यक ठरतो. किरणांचा प्रभाव नळवाहिन्यांत टिकत नसल्याने शेवटी थोडा क्लोरीनही ठेवावा लागतो.

या विवेचनासाठी ‘निर्जंतुक’ हा एकच शब्द अपुरा पडतो. पूर्ण जीवनाशाला ‘निर्जीवाणुकरण’ आणि रोगजंतूंच्या नाशाला ‘रोगजंतुनाशन’ असे म्हटल्यास, पाणी कोणत्या अर्थाने शुद्ध आहे हे वाचकाला नेमके कळेल.