टेक्नॉलॉजीचा पहिला तास

एक वर्ग डोळ्यांसमोर आणा बरं. गाव जर्मनीतलं, ग्योटिंगेन. साल 1777च्या आसपासचं. बाकांवर बसलेली मुलं विद्यापीठातली, म्हणजे तुमच्या मोठ्या दादाच्या वयाची. शिकवणाऱ्या सरांचं नाव योहान बेकमान. आणि विषय? टेक्नॉलॉजी!

थांबा, थांबा! त्या काळी विजेचा दिवा नव्हता. आगगाडी नव्हती. अहो, आगकाडीसुद्धा नव्हती! मोबाइल, कॉम्प्युटर आणि रोबो यांचं तर नावच काढू नका. मग बेकमान सर तासभर शिकवत तरी काय होते?

ते शिकवत होते कागद कसा तयार होतो, लोकरीचं कापड कसं विणतात, ते रंगवतात कसं, साबण कसा बनतो, विटा कशा भाजतात, मीठ कसं काढतात. आणि तेही नुसतं वर्गात उभं राहून नाही हं! सर विद्यार्थ्यांना घेऊन थेट कारागिरांच्या कामाच्या जागी जायचे. तिथं काम कसं चालतं ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

या मुलांना साबण थोडाच करायचा होता? त्यांच्यातले बरेच जण पुढे सरकारी अधिकारी होणार होते. कर बसवायचे, कारखान्यांवर देखरेख ठेवायची, ही त्यांची कामं. सरांचं म्हणणं अगदी साधं होतं. ज्याला साबण कसा होतो हेच ठाऊक नाही, तो साबणवाल्याचा कारभार काय डोंबल तपासणार?

1777 साली सरांनी या विषयावर एक पुस्तकच छापलं. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो टेक्नॉलॉजीचं मार्गदर्शन. टेक्नॉलॉजी हा शब्द त्यांनी नव्यानं घडवला नव्हता, तो जुनाच होता. पण वस्तू कशा तयार होतात याचा पद्धतशीर अभ्यास, हे काम त्या शब्दाला बेकमान सरांनी नेमून दिलं.

म्हणजे सरांच्या दृष्टीनं टेक्नॉलॉजी हा शिकायचा एक विषय होता. आज आपण म्हणतो, ‘या फोनमध्ये काय भारी टेक्नॉलॉजी आहे!’ हे वाक्य सरांच्या कानावर पडलं असतं, तर ते बुचकळ्यात पडले असते. कुणी अंगणाकडे बोट दाखवून ‘केवढं वनस्पतिशास्त्र उगवलंय!’ असं म्हटलं, तर तुम्हाला कसं वाटेल? अगदी तसं.

शब्दाचे दोन तुकडे

आता हा जुना शब्द जरा मोडून बघू. त्याचे दोन्ही तुकडे प्राचीन ग्रीक भाषेतले आहेत.

पहिला तुकडा ‘टेक्ने’. टेक्ने म्हणजे हातातलं कसब. मूर्ती घडवणाऱ्याकडे टेक्ने असायची, जोडे शिवणाऱ्याकडे असायची, जहाज बांधणाऱ्याकडे असायची आणि रोग्याला बरं करणाऱ्या वैद्याकडेही असायची. कला वेगळी, कारागिरी वेगळी, अशी वाटणी हा शब्द करत नव्हता. जे काम शिकून, सराव करून नीट जमतं, ते टेक्ने.

दुसरा तुकडा ‘लोगोस’ या शब्दातून आलेला. लोगोस म्हणजे बोलणं, विचार, मांडणी. बायोलॉजी, जिऑलॉजी यांच्या शेपटीला हाच लटकलेला दिसतो. दोन्ही जोडून टेक्नॉलॉजी म्हणजे कसबाबद्दल विचारपूर्वक मांडलेली गोष्ट.

आणि गंमत ऐका. जुन्या ग्रीक लेखकांनी हा शब्द वापरला, तेव्हा त्यांच्या मनात हातोडा किंवा करवत नसायची. व्याकरणाची किंवा भाषण करण्याच्या कलेची नियमवार मांडणी, असा अर्थ त्यांना बरेचदा अभिप्रेत असायचा. म्हणजे तुमच्या मराठीच्या बाई संधी आणि समास शिकवतात ना, एखाद्या जुन्या ग्रीक माणसाच्या मते तो चक्क टेक्नॉलॉजीचा तास!

सुताराच्या अंगणात

टेक्नेच्या आणखी मागं जायचंय? चला. पण आधी एक मोठं कोडं.

1786 साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी एक भाषण केलं. त्यांना भाषांचं भारी वेड. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं ते म्हणाले. पुढे अनेक भाषाअभ्यासकांनी हे साम्य शब्द न् शब्द तपासलं. तेव्हा टेक्नेचे भाऊबंदही सापडले.

ग्रीकमध्ये सुताराला म्हणतात ‘टेक्टोन’. त्याच्यापुढे ‘मुख्य’ या अर्थाचा शब्द लावला की होतो आर्किटेक्ट. म्हणजे मोठमोठ्या इमारतींचे आराखडे काढणारे आर्किटेक्ट हे मुळात सुतारांचे मुकादम! बायबलच्या ग्रीक प्रतीत येशूच्या व्यवसायासाठीही हाच टेक्टोन शब्द आलेला आहे.

संस्कृतमध्ये सुतार म्हणजे ‘तक्षन्’, आणि लाकूड छिलून आकार देणं या क्रियेचा धातू ‘तक्ष्’. टेक्टोन आणि तक्षन्, जरा मोठ्यानं म्हणून पाहा. ऐकू येतंय नातं?

आता आपल्या घरात शोधू. संस्कृतातल्या ‘क्ष’चा मराठीत येताना पुष्कळदा ‘स’ किंवा ‘श’ होतो. मक्षिकेची झाली माशी, कुक्षीची झाली कूस. मग तक्षचं काय झालं असेल? तास! शाळेतला घंटा वाजल्यावर संपणारा तास नव्हे हं, लाकूड तासतात तो. सुतारकाका वाकसानं ओंडका तासतात, पाथरवट दगड तासतो, आणि सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे सरळसोट कडे पाहिले की आपण म्हणतो, ‘काय ताशीव कडा आहे!’ तासणं हे तुमच्या-आमच्या तोंडातलं रांगडं क्रियापद टेक्नॉलॉजीचं लांबचं भावंड आहे.

लॅटिनमध्ये मात्र हे कुटुंब विणकामाकडे वळलं. तिथं विणण्याच्या क्रियापदातून आलं टेक्स्टाइल, म्हणजे कापड. त्याच विणण्यातून आलं टेक्स्ट, म्हणजे शब्दांनी विणलेला मजकूर. तुमचं टेक्स्टबुक आणि बाबांच्या फोनवरचा टेक्स्ट मेसेज, दोन्ही त्या मागावरचे.

लाकूड तासणं आणि धागे विणणं, ही दोन कामं एका कुटुंबात कशी आली? एक अंदाज असा आहे की फार जुन्या काळी माणसं काठ्या आणि फांद्या एकमेकींत गुंफून घराच्या भिंती उभारत. आपल्याकडे कोकणात कुडाची भिंत असते ना, तशी. तीत लाकूडही आलं आणि विणणंही आलं!

बरं, शब्द घडवणंही पूर्वजांना सुतारकामासारखंच वाटत होतं. कुशल माणसानं रथ घडवावा तसं आम्ही हे सूक्त घडवलं, असं ऋग्वेदातले कवी सांगतात. तिथंही क्रियापद हेच, तक्ष्.

आणि आपण टेक्नॉलॉजीला मराठीत काय म्हणतो? तंत्रज्ञान. ‘तंत्र’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ आहे माग, किंवा मागावर ताणून बांधलेले उभे धागे. ताणणं, ताणा, तंतू हे सगळे त्याचेच नातेवाईक. म्हणजे शब्द ग्रीक घ्या नाहीतर संस्कृत, वाट कारागिराच्या दारातच जाऊन पोचते.

गुपितं आणि तक्ते

आता पुन्हा बेकमान सरांकडे. कसब तर माणसांकडे हजारो वर्षं होतं. मग त्याबद्दल बोलायला, लिहायला इतका उशीर का झाला?

कारण पुष्कळदा कसब हे गुपित असायचं. इटलीतल्या व्हेनिसनं 1291 साली आपल्या काच करणाऱ्यांना जवळच्या मुरानो बेटावर हलवलं. एक कारण होतं भट्ट्यांच्या आगीची भीती. पण पुढे या कारागिरांवर आणखी एक बंधन आलं. व्हेनिसचा मुलूख सोडून दुसरीकडे जायची त्यांना मनाई होती. का? तर काचेचं गुपित बाहेर फुटू नये म्हणून!

इतर ठिकाणीही काम उस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे आणि बापाकडून लेकराकडे जायचं, बघून बघून आणि करून करून. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार यांच्या घरांत असंच चालायचं. यात मोठी ताकद होती, कारण हाताला कळलेलं काम सहसा विसरत नाही. पण धोकाही होता. शिकणारा कुणी उरला नाही, तर सगळं ज्ञान त्या माणसाबरोबरच संपायचं. शिवाय कुंभाराची एखादी युक्ती साबणवाल्याच्या कामाची असली, तरी त्याला ती कळणार कशी?

इथं बेकमान सरांचं डोकं चाललं. 1806 साली त्यांनी आणखी एक लिखाण छापलं. त्यात त्यांनी धंद्यांप्रमाणे याद्या करायचं सोडून हेतूप्रमाणे याद्या करायचं ठरवलं. एकच हेतू साधायला निरनिराळे कारागीर काय काय करतात, ते शेजारी शेजारी मांडायचं.

कळलं नाही? आपल्या स्वयंपाकघरात करून बघू. हेतू आहे बारीक करणं. आता आठवा. जातं दळतं, दोन दगडांमध्ये घासून. खलबत्ता कुटतो, वरून घाव घालून. पाटा-वरवंटा वाटतो, पाणी घालून, रगडून. किसणी किसते, धारदार भोकांतून खरवडून. मिक्सर गरगर फिरणाऱ्या पात्यांनी कापतो. काम एक आणि युक्त्या पाच! असा तक्ता समोर आला की लगेच प्रश्न सुचतात. वेलदोडे किसत का नाहीत? ओलं खोबरं जात्यात का घालत नाहीत? आणि कुणी सांगावं, एखादी सहावी युक्तीही सुचेल.

कसबाला शब्द मिळाले की ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं, एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात उडी मारतं. टेक्नॉलॉजीमधल्या ‘लॉजी’ची सगळी करामत ही अशी!

विषयाचं नाव वस्तूला चिकटलं

पुढे हा शब्द अमेरिकेत रुजला. 1829 साली बोस्टनमध्ये जेकब बिगेलो यांनी टेक्नॉलॉजीवर पुस्तक लिहिलं. ते स्वतः डॉक्टर होते आणि वनस्पतींचे अभ्यासकही. त्यांच्या पुस्तकात यंत्रं तर होतीच, शिवाय लेखन, छपाई, चित्रकला, शिल्पकला, घरबांधणी आणि घड्याळंही होती. पाहा, अजूनही कला आणि कारागिरी एकाच पंगतीत!

मग 1861 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, ही संस्था स्थापन झाली. तिच्या मुद्रेवर दोन माणसं आहेत. एकाच्या हाती हातोडा, दुसऱ्याच्या हाती पुस्तक. आणि ब्रीदवाक्याचा अर्थ आहे मन आणि हात.

आपल्याकडे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 साली एक संस्था काढली. तिथं रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय शिकवत. नाव ठेवलं कलाभवन. टेक्नेसारखाच आपला ‘कला’ हा शब्दही पूर्वी ऐसपैस होता. जुन्या ग्रंथांतल्या चौसष्ट कलांमध्ये गाणं आहे, नाच आहे आणि सुतारकामही आहे. याच कलाभवनात शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. तेच आपले दादासाहेब फाळके. कॅमेरा आणि नाटक, यंत्र आणि कला, दोन्ही एकाच माणसाच्या हातात! स्वातंत्र्यानंतर 1951 साली खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली, 1958 साली मुंबईत पवईची. या नावातला शेवटचा ‘टी’ म्हणजे आपली टेक्नॉलॉजीच.

पण या काळात एक बदल झाला. रेल्वे आली, वीज आली, टेलिफोन, रेडिओ, टीव्ही आणि कॉम्प्युटर आले. सगळीकडे नवी यंत्रं दिसू लागली, आणि विसाव्या शतकात लोक त्या यंत्रांनाच टेक्नॉलॉजी म्हणू लागले. विषयाचं नाव वस्तूला चिकटलं. भाषेत असं होतच असतं, त्यात रागावण्यासारखं काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा. फोन विकत मिळतो. तो कसा बनतो हे माहीत असणं विकत मिळत नाही, ते शिकावंच लागतं.

करून पाहा: तुमचा टेक्नॉलॉजीचा तास

एक वही घ्या आणि आपल्या गावातल्या किंवा गल्लीतल्या एका कारागिराकडे जा. शिंपीकाका, सायकल दुरुस्त करणारे दादा, पिठाची गिरणी चालवणारे मामा, कुंभार आजोबा किंवा चकल्या करून विकणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. त्यांना हे पाच प्रश्न विचारा.

1. तुम्हाला कच्चा माल कोणता लागतो?
2. कोणकोणती हत्यारं लागतात, आणि तुम्ही त्यांना काय म्हणता?
3. आधी काय करता, मग काय करता?
4. हा क्रम बदलला तर काय बिघडेल?
5. काम नीट झालं हे कशावरून ओळखता? रंगावरून, वासावरून, आवाजावरून की हाताला लागतं त्यावरून?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ते उत्तर पुस्तकांत सहज सापडत नाही.

मग वहीच्या शेवटच्या पानावर बेकमान सरांसारखा तक्ता करा. हेतू घ्या जोडणं. शिंपी कसं जोडतो, सुतार कसं जोडतो, चांभार, वेल्डर, पंक्चर काढणारा आणि पत्रावळ लावणारी आजी कसं जोडते? दहा युक्त्या जमल्या, तर आम्हाला तक्ता जरूर पाठवा.

आणि हो, जाताना मोठ्या माणसाला सोबत न्या. चालू यंत्राला हात लावू नका. गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर बाजूला थांबा. हातातलं काम संपलं की कारागीर स्वतःच बोलू लागतात, आणि एकदा बोलू लागले की तुमचीच वही पुरणार नाही!