हिमाचा उतार कां घसरतो?

वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणांपैकीं फार थोड्यांनीं हिम पडतांना पाहिलें असेल. तथापि सुटींत हिमालयाकडे सहलीस जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत, आणि तेथील सीमेवर मराठी जवानही पहारा करीत असतात. यास्तव हिमाचा उतार कां घसरतो, हें समजून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

किनाऱ्यावरील कोरडी वाळू मुठींतून हळूहळू सोडून पाहा. ढीग वाढतो, परंतु उतार सुमारें 34 अंशांचा झाला, कीं वाळू आपोआप ओघळूं लागते. हिम याहून फसवें आहे. त्याचे कण एकमेकांस चिकटतात, म्हणून तें उभट उतारावरही दिवसेंदिवस टिकून राहतें. मात्र त्याचे सर्व थर सारखे नसतात. कडक थंडीत एखाद्या जुन्या थराचे साखरेसारखे सुटे कण बनतात. त्यावर नवें हिम पडलें, अथवा वाऱ्यानें वाहून आणलें, म्हणजे वर ओझें व खालीं कच्चा आधार अशी स्थिति होते. मग एका माणसाचा भारही पुरतो. वरची लादी तडकते आणि सबंध उतार क्षणांत खालीं येतो. असे प्रपात बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. परंतु पायथ्याशीं सपाट वाटेवर असलेला मनुष्यही त्यांत सांपडतो.

4 एप्रिल 2023 रोजीं सिक्कीममध्यें नाथू-ला खिंडीच्या रस्त्यालगत असाच प्रपात होऊन 7 पर्यटक मृत्यु पावले. परवाना तेराव्या मैलापर्यंतच असतां पर्यटक पुढें गेले होते, असें तेथील अधिकाऱ्यांनीं सांगितलें.

सियाचीन येथें 3 फेब्रुवारी 2016 रोजीं सुमारें 19,600 फूट उंचीवरील चौकीवर बर्फाची भिंत कोसळून 10 जवान गाडले गेले. सातारा जिल्ह्यांतील सुनील सूर्यवंशी हे त्यांपैकीं एक. सहाव्या दिवशीं लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सांपडले; परंतु 11 फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयांत त्यांचेंही देहावसान झालें. इतके दिवस जीव तगणें हा विरळा अपवाद होय. गाडलेला मनुष्य बहुधा गुदमरून मरतो. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढल्यास दहांपैकीं सुमारें नऊ जण वांचतात. अर्ध्या तासानंतर निम्मेही वांचत नाहींत. म्हणजे दुरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून खरें रक्षण आधींच करावें लागतें. नुकतेंच पुष्कळ हिम पडलें असेल, जोराचा वारा सुटला असेल किंवा एकाएकीं ऊष्मा वाढला असेल, तर उताराखालीं थांबूं नये. पायाखालीं 'धप्प' असा पोकळ आवाज आला, अथवा हिमास भेगा गेल्या, तर तत्काळ मागें फिरावें. आणि स्थानिक वाटाड्यानें वा शिपायानें अडविलें, तर मुलांसमोर त्याच्याशीं हुज्जत न घालतां पालकांनीं प्रथम परत वळावें. असें परतणें म्हणजे भित्रेपणा नव्हे. डोंगर उद्यांही तेथेंच असतो.