दगडांना पाणी घालताना

गणपतीला कोकणात निघताना शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि बाल्कनीतल्या झाडांना पाणी घाला म्हणून सांगितलं. काकूंचा हात सढळ. दहा दिवसांनी परतलो तर तुळस टवटवीत आणि कोपऱ्यातल्या कुंडीतले माझे चार दगड उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ. बोट लावलं की साल निघून हातात येत होतं. "सुकल्यासारखे दिसत होते हो, म्हणून रोज थोडं जास्तच घातलं," काकू म्हणाल्या. त्यांना काय बोलणार? त्या कुंडीला हात लावू नका, हे मीच सांगितलं नव्हतं.

हे दगड म्हणजे लिथॉप्स. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या खडकाळ, कोरड्या माळांवरची वनस्पती. ग्रीकमध्ये 'लिथॉस' म्हणजे दगड आणि 'ऑप्स' म्हणजे चेहरा. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८११च्या सप्टेंबरमध्ये प्रीस्का गावाजवळ एक वेगळासा खडा उचलला, तर ते झाड निघालं. लिथॉप्स हे नाव मिळायला मात्र १९२२ साल उजाडलं, ते एन. ई. ब्राउन यांनी दिलं. पुढे या दगडांचा खरा पिच्छा पुरवला तो डेस्मंड कोल आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी. कोल पेशाने भाषेचे प्राध्यापक, त्स्वाना भाषेचं व्याकरण लिहिणारे. या जोडप्याने माळ तुडवून जवळजवळ चारशे ठिकाणच्या लिथॉप्सना क्रमांक दिले. आजही शौकीन मंडळी कुंडीत नावाच्या पट्टीवर 'सी' लिहून पुढे तो क्रमांक टाकतात.

झाड म्हणजे जेमतेम दोन जाडजूड पानं, एकमेकांना चिकटलेली, मध्ये एक फट. माळावर जमिनीबाहेर दिसतो तो नुसता माथा. बाकी सगळं मातीत. मग ऊन पोचतं कसं? माथ्यावरचे काळपट, चकचकीत भाग नीट पाहा, त्या काचा आहेत. ऊन त्यातून आत उतरतं, पानाच्या पोटातल्या पाणीदार गरातून जातं आणि आतल्या बाजूच्या हिरव्या अस्तरावर पडतं. तळघराला छतातून उजेड द्यावा तसा प्रकार.

दर वर्षी फटीतून नवी जोडी वर येते आणि जुन्या पानांतलं पाणी शोषून वाढते. आपल्याकडे हे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत चालतं. तेव्हा जुनी पानं सुरकुततात, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला त्यांची दया येते. पाणी घातलंत तर जुनी जोडी वाळतच नाही, झाड दुमजली आणि बेढब होतं. जुनं पान कांद्याच्या पापुद्र्यासारखं होईपर्यंत झारी उचलायची नाही. त्यानंतर आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर, कडा चुरगळलेल्या दिसल्या की एकदा भरपूर पाणी. मग माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची. एप्रिल-मेच्या काहिलीत झाड झोपलेलं असतं.

आपला खरा शत्रू ऊन नाही, जुलै आहे. हवाच ओली असते. कुंडी छपराखाली, वारा लागेल अशी ठेवावी आणि पाणी जवळजवळ बंद. रोपवाटिकेतल्या लाल मातीत आणि शेणखतात हे झाड कुजतं. मी धुतलेली जाड वाळू, विटांचा चुरा आणि परलाइट असे तीन भाग घेऊन त्यात एक भाग माती मिसळतो. चुऱ्यातली धूळ आधी चाळून टाकायची. तीच भिजून चिखल होते. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी निदान चार इंच खोल हवी. सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. उजेड कमी पडला की दगड मान उंचावून लांबुळका होतो. अधूनमधून मुळांशी पिठ्या ढेकूण आहे का, तेही बघावं.

ऑनलाइन निळ्या-जांभळ्या लिथॉप्सची बियाणं विकतात, ती घेऊ नका. ते रंग संगणकावरचे. सुरुवातीला लेस्ली किंवा सॅलिकोला घ्यावा. दोघेही त्यातल्या त्यात सोशिक.

बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण तीन वर्षं लागतात. नवरात्राच्या आसपास फटीत कळीचं टोक डोकावतं. फूल बहुधा पिवळं किंवा पांढरं, शेवंतीच्या तोंडवळ्याचं आणि कधी कधी झाडापेक्षा मोठं. ते दुपारी उमलतं, दिवेलागणीला मिटतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा उमलतं. बी धरायला मात्र दोन वेगवेगळी झाडं लागतात, कारण स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. गेल्या दिवाळीत दोन लेस्ली एकाच वेळी फुलले, तेव्हा रंगकामाचा बारीक कुंचला एकावरून दुसऱ्यावर फिरवला.

यंदा बोंडं वाळली. मी एक बोंड बशीत ठेवलं आणि काकूंना बोलावलं. "काकू, घाला पाणी."

"नको रे बाबा."

"घाला. एकच थेंब."

त्यांनी चमचा तिरपा केला. थेंब पडला आणि मिनिटा-दोन मिनिटांत लाकडासारखं ते बोंड चांदणीसारखं उलगडलं. कप्प्यांत खसखशीहून बारीक बिया. माळावर पावसाच्या थेंबांनीच त्या बाहेर उडतात. सुकलं की बोंड पुन्हा मिटतं. काकूंनी चष्मा कपाळावर चढवला, बशीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "अजून एक थेंब घालू?"