हायड्रोकार्बनांच्या ऊष्मागतिकी गुणधर्मांचे अनुमान

हायड्रोकार्बनांच्या ऊष्मागतिकी गुणधर्मांचे अनुमान म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांपासून बनलेल्या संयुगांची निर्मिती-एन्थॅल्पी, एंट्रॉपी, उष्णताधारिता, उत्कलनबिंदू इत्यादी मूल्ये प्रत्यक्ष मोजणी न करता केवळ रेणूच्या रचनेवरून काढणे होय. यासाठी रूढ असलेल्या रीतीस गट-योगदान पद्धती म्हणतात.

गरज

दहा कार्बन अणूंच्या डेकेनचे ७५ रचना-समघटक संभवतात. वीस कार्बनांच्या आयकोसेनचे ३,६६,३१९. यांतील प्रत्येक संयुग शुद्ध स्वरूपात मिळवून उष्णतामापीत जाळून पाहणे अशक्य आहे. तेलशुद्धीकरणातील ऊर्ध्वपातन मनोरे किंवा इंधनाचे ज्वलन यांची गणिते मात्र या आकड्यांवाचून अडतात.

तत्त्व

सिडनी बेन्सन व जेरी बस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. (यांपैकी बस हे पुढे लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक म्हणून अधिक प्रसिद्ध झाले.) त्यांनी बेरजेच्या चढत्या पायऱ्या कल्पिल्या. नुसते अणू मोजले तर ब्यूटेन व आयसोब्यूटेन यांत फरक दिसत नाही. बंध मोजले तरीही तीच अडचण येते, कारण दोहोंत कार्बन-कार्बन बंध तीन आणि कार्बन-हायड्रोजन बंध दहाच आहेत. प्रयोगात मात्र त्यांच्या निर्मिती-एन्थॅल्पीत सुमारे ८.६ किलोजूल प्रति मोल इतके अंतर आढळते. म्हणून तिसऱ्या पायरीवर कार्बन अणू त्याच्या थेट शेजाऱ्यांसह एक ‘गट’ म्हणून घेतला जातो. शब्दाचा अर्थ ठरवताना मागचापुढचा शब्द पाहावा, तसाच हा प्रकार आहे.

वायुरूपात, २५° से. तापमानास, एका कार्बनाला जोडलेल्या मिथिल गटाचे मूल्य −४२.७, दोन कार्बनांमधील मिथिलीन गटाचे −२०.६ आणि तीन कार्बनांना जोडलेल्या, एकच हायड्रोजन असलेल्या कार्बनाचे −७.९ किलोजूल प्रति मोल धरतात. ब्यूटेनमध्ये पहिले दोन गट प्रत्येकी दोनदा येतात, बेरीज −१२६.६, तर मोजलेले मूल्य सुमारे −१२५.६ आहे. आयसोब्यूटेनसाठी तीन मिथिल व एक तिसरा गट मिळून −१३६.० येते, मोजलेले मूल्य सुमारे −१३४.२ आहे.

दुरुस्त्या

शेजाऱ्यापलीकडचे अणू एकमेकांना खेटतात, तेव्हा केवळ बेरीज पुरत नाही. २-मिथिलब्यूटेनची बेरीज −१५६.६ येते; अशा एका जवळिकीबद्दल ३.३ मिळवल्यास ती −१५३.३ होते व प्रयोगाशी चांगली जुळते.

वलयी संयुगांत हा फरक विशेष बोलका ठरतो. सायक्लोहेक्झेनमधील सहा मिथिलीन गटांची बेरीज −१२३.६ आहे आणि मोजलेले मूल्य −१२३.४, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. सायक्लोप्रोपेनसाठी तीच बेरीज −६१.८ सांगते, पण प्रयोग +५३.३ सांगतो. सुमारे ११५ किलोजूलांचा हा फरक पद्धतीचा निव्वळ दोष मानणे योग्य नाही. कार्बनच्या बंधांतील स्वाभाविक कोन सुमारे १०९.५° असताना त्यांना ६०° च्या त्रिकोणात कोंबल्याने निर्माण होणारा ताण मुख्यतः त्यातून मोजला जातो. अशा वलयांसाठी स्वतंत्र दुरुस्ती कोष्टकात दिलेली असते.

एंट्रॉपी काढताना सममितीचाही विचार करावा लागतो. रेणू जितका अधिक सममित, तितकी बेरजेतून वजावट अधिक.

मर्यादा

जोबॅक व रीड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत उत्कलनबिंदूसाठी सोपी आहे. १९८.२ या आकड्यात प्रत्येक मिथिल गटासाठी २३.५८ व प्रत्येक मिथिलीन गटासाठी २२.८८ मिळवले की केल्व्हिनमध्ये उत्तर मिळते. हेक्झेनसाठी ते सुमारे ३३७ येते; खरा उत्कलनबिंदू ३४२ केल्व्हिन आहे. सरळ साखळीच्या आयकोसेनसाठी मात्र ६५७ येते, जे प्रत्यक्षाहून सुमारे ४० अंशांनी जास्त आहे. साखळी लांबत जाते तशी प्रत्येक नव्या मिथिलीन गटामुळे होणारी वाढ कमी होत जाते, पण सूत्र तीच संख्या मिळवत राहते. शिवाय या पद्धतीत गटाचे शेजारी पाहिले जात नसल्याने २-मिथिलपेंटेन व ३-मिथिलपेंटेन यांना एकच उत्कलनबिंदू मिळतो. जड तेलांच्या घटकांसाठी ही पद्धत जपून वापरावी.