रीळ टेपरेकॉर्डर : ध्वनिवादनातील दोष व निवारण

रीळ टेपरेकॉर्डर हे उघड्या रिळावर गुंडाळलेल्या चुंबकीय फितीवर ध्वनी मुद्रित करणारे व तो पुन्हा ऐकवणारे यंत्र आहे. घरगुती यंत्रांत सुमारे ६.३ मिलिमीटर रुंदीची फीत वापरली जाते. वादनात दोष आढळल्यास तो यंत्राचा की फितीचा, हे प्रथम ठरवावे लागते. यंत्र दुरुस्त करता येते. फितीवरील चुंबकीय थर खरवडला गेल्यास त्यावरील ध्वनी परत मिळत नाही.

महत्त्व

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांचा आवाज आज ऐकता येतो, तो मुंबईत वांद्रे येथे १९५६ साली झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणामुळे. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. घरोघरी जपलेल्या कीर्तन-भजनांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या फितींची बहुधा दुसरी प्रत नसते.

यंत्रातील दोष

* दबका आवाज : हेडवर थराची भुकटी साचल्याने किंवा हेडचा कोन बदलल्याने येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसतात.
* हेलकावणारा आवाज : सैल पट्टा, कडक झालेली रबरी चाके किंवा सुकलेले वंगण ही कारणे असतात.
* चुकीचा वेग : सेकंदाला १९, ९.५ व ४.७५ सेंटिमीटर हे प्रचलित वेग आहेत. ६० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनवलेली काही परदेशी यंत्रे भारतातील ५० हर्ट्‌झवर सुमारे एक-षष्ठांशाने मंद चालतात.
* मागून उलटे शब्द ऐकू येणे : फितीवरील ध्वनिपट्ट्या व यंत्राचे हेड यांचा मेळ नसल्याचे हे लक्षण आहे.
* सतत गुणगुण : बहुधा जुने कपॅसिटर निकामी झालेले असतात. बंद यंत्रातही घातक विद्युतदाब साठून राहू शकतो. म्हणून हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

फितीतील दोष

रीळ उजेडासमोर धरल्यास ॲसिटेटच्या फितीतून प्रकाश आरपार दिसतो. पॉलिएस्टरची फीत बहुधा अपारदर्शक दिसते. ॲसिटेट जुने झाल्यावर ठिसूळ होते व त्यास शिरक्यासारखा आंबट वास येतो. १९७० व १९८० च्या दशकांतील काही पॉलिएस्टर फितींचा बंधक दमट हवेतील पाणी शोषून चिकट होतो. अशी फीत किंचाळते, अडकते व हेडवर तपकिरी थर सोडते. ती तत्काळ थांबवावी. तज्ज्ञ अशा फिती नियंत्रित उपकरणात सुमारे ५० अंश सेल्सिअसवर कित्येक तास ठेवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात. ॲसिटेटच्या फितीवर हा उपाय कदापि करू नये. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. परंतु उन्हात किंवा पत्र्याखाली फीत तापवणे हा या उपचाराचा पर्याय नव्हे.

तपासणीचा क्रम

यंत्र स्वच्छ करून प्रथम बिनमहत्त्वाची फीत वाजवावी. ती नीट वाजली, तरच मोलाची फीत चढवावी. वेगाने पुढे-मागे करू नये. जीर्ण फितीचे पहिले वादन अखेरचेही ठरू शकते, म्हणून त्याच वेळी तिची डिजिटल प्रत करून घेणे इष्ट असते.