सोबतीचा पुरावा कोण देणार?

आमच्या बाजारहत्नूरला परदेशाची नवलाई आता राहिलेली नाही. निर्मल-निजामाबादकडची माणसे पूर्वीपासून आखातात जातात. हल्ली कापूस पिकवणाऱ्यांची मुलेमुलीही हैदराबादला नाहीतर पुण्याला शिकतात आणि तिथूनच विमानात बसतात. नवे आहे ते एवढेच, की काही जणांच्या व्हिसाच्या अर्जात 'नाते' या रकान्यात पती किंवा पत्नी असे लिहिलेले नसते. तिथे असते 'अविवाहित जोडीदार'. माझ्या भाचीच्या अर्जात तसे होते, आणि त्या दोन शब्दांनी आमच्या दोन घरांची वर्षभर झोप उडवली.

माझे माहेर बाजारहत्नूर, सासर बीदर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आदिलाबाद, नांदेड आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे अशा सोयरिकी आमच्याकडे जुन्याच. माहेरी मराठी, बाजारात तेलुगू, सासरी कन्नड. भाचीने पुण्यात नोकरी करताना जो मुलगा निवडला तो भालकीकडचा, कन्नड घरचा. भाषेची अडचण कोणालाच नव्हती. अडचण वेगळी होती. मुलाचे आधी लग्न झालेले. मूलबाळ नाही, दोघे कित्येक वर्षे वेगळे, पण घटस्फोटाचा दावा तारखांमध्ये अडकलेला. निकाल होईपर्यंत दुसरे लग्न करता येत नाही. २०२१ पासून ही दोघे पुण्यात एका घरात राहू लागली. २०२४ साली तो कंपनीच्या कामाच्या व्हिसावर इंग्लंडला, लेस्टरला गेला. आता हिला जायचे होते.

तेव्हा कळले की असा व्हिसा खरोखर असतो. तिकडे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाचा अविवाहित जोडीदार अवलंबित म्हणून अर्ज करू शकतो. (काळजीवाहू कामगारांना ११ मार्च २०२४ पासून नव्याने कुटुंब नेता येत नाही, आणि बहुतेक विद्यार्थ्यांनाही त्याच वर्षापासून नाही. एजंट हे सांगत नाहीत, म्हणून सांगितले.) पूर्वी अट होती की दोघे किमान दोन वर्षे एकत्र राहिलेले असावेत. ३१ जानेवारी २०२४ पासून ती थोडी सैल झाली. आता लग्नासारखे नाते किमान दोन वर्षांचे असले पाहिजे. एकत्र राहिला असाल तर तो पुरावा भक्कम. नसाल तर का नाही हे पटवून द्यावे लागते. आधीचे लग्न कागदावर शिल्लक असेल तर ते कायमचे मोडले आहे हेही दाखवावे लागते. त्यासाठी न्यायालयातल्या दाव्याची प्रत उपयोगी पडली. जोडीला हैदराबादला क्षयरोगाची तपासणी, खात्यात २८ दिवस ठेवलेले २८५ पौंड किंवा कंपनीची हमी, आणि फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार. हा सगळा खर्च अर्ज करतानाच.

पैसे जमले. पुरावा जमेना.

तीन वर्षांचा संसार, पण कागदावर त्याची खूणच नाही. भाडेकरार फक्त मुलाच्या नावावर, कारण सोसायटीला अविवाहित जोडपे नको होते. विजेचे बिल घरमालकाच्या नावावर. गॅस मुलाच्या नावावर. भाचीच्या आधार कार्डावर पत्ता बाजारहत्नूरचा, त्याच्या कार्डावर भालकीचा. शेजाऱ्यांना सांगितलेले, 'मामाचा मुलगा आहे.' घरी फोन केला की दुसऱ्याने खोकायचेही नाही! जे लपवायला तीन वर्षे अक्कल खर्च केली, तेच आता उघड करून दाखवा, असे परदेशातला अधिकारी म्हणत होता.

वाचकहो, मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते याच गोष्टीने. मंगळसूत्र आहे का, हे तिकडे कोणी विचारत नाही. बिल कोणाच्या नावावर, खाते कोणाबरोबर, आणि तुम्ही जोडपे आहात हे कोणाकोणाला माहीत आहे, हे विचारतात. ऑस्ट्रेलियात तर चार गोष्टी पाहतात: पैसा, घर, एकमेकांशी बांधिलकी आणि समाजातले स्थान. या शेवटच्या मुद्द्यासाठी ओळखीच्या माणसांकडून जबाब भरून घेतात. कॅनडात किमान १२ महिने सलग एकत्र राहिलेल्यांना जोडीदार धरतात. अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे एच-४ व्हिसा लग्नाच्या जोडीदाराला आणि मुलांनाच मिळतो, आणि वाग्दत्त म्हणून नागरिकाकडे गेलात तर ९० दिवसांत लग्न लावावे लागते.

हा पुराव्याचा पेच लग्न न केलेल्यांनाच पडतो असेही नाही. २०१९ साली न्यूझीलंडमध्ये अनेक भारतीय नवविवाहितांचे अर्ज नाकारले गेले. कारण, तुम्ही एकत्र राहिलेले नाही. ठरवून झालेल्या लग्नात मुलगा आठ-दहा दिवसांच्या रजेवर येतो, लग्न लागते, तो परत जातो. एकत्र राहणार कधी? तिथल्या भारतीयांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने अशा जोडप्यांसाठी व्हिजिटर व्हिसाची वेगळी वाट काढली. म्हणजे पत्रिका छापून, मांडव घालून लग्न केलेल्यांनाही विजेच्या बिलाने गाठले होते.

आपल्याकडचा कायदाही थोडाफार असाच बोलतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नाते' हे शब्द आले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २००८ साली दीर्घकाळ सोबत राहिलेल्या स्त्रीला पोटगीसाठी पत्नी धरावे असा प्रस्ताव मंजूर केला तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नात्याच्या कसोट्या सांगितल्या. त्यात एक अशी, की दोघे समाजापुढे पती-पत्नीसारखे वावरलेले असावेत. दुसरी अशी, की दोघेही लग्नाला कायद्याने मोकळे असावेत. आमची भाची या दुसऱ्या कसोटीवर बसत नव्हती. तिकडे तिला जोडीदार मानले जाण्याची शक्यता होती, इकडे तिला कसलेच संरक्षण नव्हते. मुली हे आधी विचारात घेत नाहीत, आणि त्यांना ते सांगणारे घरी कोणी नसते. ज्या दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकत्र आयुष्य काढायचे आहे त्यांना तर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही इथे लग्नाचा मार्ग नाही. अविवाहित जोडीदार हेच त्यांच्यासाठी उघडे दार.

याच दिवसांत एका एजंटाने सोपा उपाय सुचवला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लग्न लिहून देतो, खाली नोटरीचा शिक्का. सांगून ठेवते, नोटरीचे लग्न हे लग्न नव्हे. शिवाय पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, आणि ब्रिटनच्या अर्जात खोटा कागद सापडला तर दहा वर्षे दार बंद. भावाने त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावले. आमच्या भावाचा स्वभाव पाहता चहा हा मोठाच सन्मान.

राहिला प्रश्न पत्रांचा. दोन्ही घरच्यांनी 'हे नाते आम्हाला माहीत आहे' असे लिहून द्यायचे. भालकीच्या विहीणबाई (म्हणू की नको, पण म्हणते) एकच वाक्य धरून बसल्या: "मंदी एनंतार?" बाजारहत्नूरला वहिनी तेच म्हणत होती: लोक काय म्हणतील? आणि गल्लीतली तेलुगू शेजारीण: "नलुगुरू एमंटारु?" तीन भाषा, प्रश्न एकच. मी दोघींना एवढेच विचारले, की आपल्या आज्यांच्या काळी विधवेचा पाट लागायचा, कन्नडात त्याला उडकी म्हणायचे, तेव्हा कुठे होम नि सप्तपदी होती? चार पंच बसत, लुगडे-नारळ होई आणि गावाला कळे. गावाला कळले हाच दाखला असे.

वहिनीने अखेर लिहायला घेतले ते एका कागदामुळे. २०२३ मध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुण्यात झाली होती. तिथल्या संमतिपत्रावर नातेवाईक म्हणून मुलाची सही होती, आणि नात्याच्या रकान्यात वहिनीच्याच सांगण्यावरून 'जावई' लिहिलेले. पुराव्याला याहून चांगला कागद कोणता? पण सल्लागार बाई म्हणाल्या, अर्जात अविवाहित आणि इथे जावई, हा विसंगतीचा मुद्दा होईल. एकतर हा कागद लावू नका, नाहीतर ज्यांनी तसे सांगितले त्यांनी खुलासा द्यावा.

वहिनीने वहीचे पान फाडले. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिने मराठीतच लिहिले की मुलीचे या मुलाशी लग्न झालेले नाही, त्याचा दावा न्यायालयात आहे, ती दोघे तीन वर्षे एका घरात राहिली, त्या घरी मी दीड महिना होते, त्याने मला न्हाणीघरापर्यंत हात धरून नेले, आणि दवाखान्यात मी जावई म्हणाले कारण मी त्याला तसेच मानते. खाली सही, तारीख, बाजारहत्नूर. इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून जोडले. ते पाहून भालकीहूनही आठ दिवसांत कन्नड पत्र आले, अगदी चार ओळींचे. बरोबर तीन वर्षांचे बँकेचे व्यवहार गेले, ज्यात भाची दर महिन्याला अर्धे भाडे त्याला पाठवत होती. लाजून रोख दिले असते तर तेही हातचे गेले असते.

व्हिसा आला. भाची २०२५ मध्ये लेस्टरला गेली. दाव्याची तारीख अजून पडतेच आहे आणि वहिनी दर तारखेला मला फोन करून विचारते. भाचीने तिकडे पोचल्यावर पहिल्याच महिन्यात कौन्सिल टॅक्सच्या बिलावर स्वतःचेही नाव लावून घेतले. मुदतवाढीच्या वेळी ते बिल लागणार आहे.