आधी स्टेशन पाडलं, बदल्यातली भुयारी रेल्वे अजून यायचीय! काय आहे न्यूयॉर्कच्या चॅटम स्क्वेअरची गोष्ट?

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या चायनाटाऊनमध्ये चॅटम स्क्वेअर नावाचा मोठा चौक आहे. आज तिथे वरून फक्त आकाश दिसतं. ७० वर्षांपूर्वी मात्र याच चौकाच्या डोक्यावर रेल्वे स्टेशन होतं.

स्टेशन कसं होतं?

आपल्याकडे मेट्रो खांबांवरून धावते, तशी न्यूयॉर्कमध्ये १९व्या शतकातच लोखंडी खांबांवरून रेल्वे धावायची. लोक तिला 'एल' म्हणायचे. चॅटम स्क्वेअर स्टेशन १८७८ मध्ये सुरू झालं. सेकंड आणि थर्ड अॅव्हेन्यू या दोन्ही मार्गांच्या गाड्या इथे यायच्या. गर्दी वाढल्यावर स्टेशन दुमजली करण्यात आलं.

मग पाडलं का?

सुरुवातीला गाड्या वाफेच्या इंजिनावर चालायच्या. राख, तेल थेट खालच्या रस्त्यावर पडायचं. पुढे वीज आली, धूर गेला, पण खडखडाट आणि खालच्या रस्त्यावरचा अंधार कायम राहिला. मार्गालगतच्या जागांना भाव मिळत नव्हता. त्यामुळे 'एल' हटवा आणि रेल्वे जमिनीखाली न्या, ही मागणी जोर धरू लागली.

सेकंड अॅव्हेन्यूखालून भुयारी रेल्वेची योजना १९२९ मध्येच मांडली गेली होती. त्या भरवशावर सेकंड अॅव्हेन्यूची 'एल' १९४२ पर्यंत पूर्ण बंद झाली. १२ मे १९५५ ला थर्ड अॅव्हेन्यूवरून मॅनहॅटनमधली शेवटची गाडी गेली. त्यानंतर चॅटम स्क्वेअर स्टेशनसह सगळा सांगाडा उतरवला गेला.

भुयारी रेल्वेचं काय झालं?

१९५१ मध्ये मतदारांनी ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. नवा मार्ग होईल, हीच लोकांची अपेक्षा होती. पण बहुतेक पैसा जुन्या मार्गांच्या दुरुस्तीत गेला. १९७२ मध्ये काम सुरू झालं आणि १९७५ मध्ये शहराच्या तिजोरीत खडखडाट झाल्याने थांबलं. त्या काळात खणलेला भुयाराचा एक तुकडा चॅटम स्क्वेअरजवळच जमिनीखाली आहे. त्यातून एकही प्रवासी गाडी धावलेली नाही.

पहिला टप्पा उघडला तो थेट १ जानेवारी २०१७ ला. खर्च सुमारे ४.५ अब्ज डॉलर, नवी स्टेशनं तीन, तीही शहराच्या वरच्या भागात. चॅटम स्क्वेअरचा नंबर आराखड्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आहे.

फायदा कुणाचा, तोटा कुणाचा?

'एल' गेल्यावर थर्ड अॅव्हेन्यूवर उजेड आला, उंच इमारती उभ्या राहिल्या. म्हणजे जागामालकांचं भलं झालं. प्रवाशांचा भार मात्र लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूच्या एकाच भुयारी मार्गावर पडला आणि तो मार्ग कायम तुडुंब भरू लागला.

'एल' त्रासदायक होती, यात शंका नाही. पण पर्याय कागदावर असतानाच ती पाडली गेली आणि त्याची किंमत प्रवाशांच्या पिढ्यांनी मोजली. कोणत्याही शहरात जुनी सोय मोडीत निघत असेल, तर तिच्या जागी येणारी सोय कधी सुरू होणार, हे आधी विचारायला हवं.